हरणीच्या पुढं पळणारा माणूस

आमच्या घरमालकांवर मी अजून चिडलेलो आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी माझं भांडण संपू दे. ते त्यांनी अर्धवट टाकलंय.

कसबा बावड्यात त्यांच्या माडीवर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो. मी मूळचा गडहिंग्लजचा. बँकेत कारकून, बदली होऊन कोल्हापुरात आलो. जागा बघायला गेलो तेव्हा मालक गोठ्यात एका म्हशीच्या पाठीला तेल चोळत होते. उंच, काटक, साठीला टेकलेले. अंगात बंडी, खाली खाकी चड्डी, पाय अनवाणी आणि कपाळावर एक उभी आठी. पुढं इतकी वर्षं मी त्यांना पाहिलं, पण ती आठी कधी मिटलेली आठवत नाही.

"म्हशीचा वास येणार. चालंल?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

"आन मी वरडतो. त्ये चालंल?"

मी हसलो. तो विनोद नव्हता, हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं.

"पावणं! उठा! जिन्यात चपला कुणी काढल्यात?"

चपला माझ्याच होत्या. उचलल्या. दुसऱ्या दिवशी नळ ठिबकत होता. तिसऱ्या दिवशी माझी सायकल भिंतीला टेकून भिंतीचा रंग जात होता. चौथ्या दिवशी मी त्यांना बघून हसलो का नाही, यावरून ओरडा बसला. म्हणून पाचव्या दिवशी हसलो, तर सहाव्या दिवशी, "काल मला बगून दात कशापायी काढलासा?"

मी उलटून काही बोलत नसे. आमच्या घराण्यात भांडणाची कला आईकडून आली आणि ती सगळी माझ्या बहिणीकडं गेली. माझ्या वाट्याला नुसता घाम आला. पण माझ्या गप्प राहण्यानं मालक जास्तच तापायचे. "बोला की! तोंडात काय लाह्या कोंबल्यात?" मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, डोळे लाल व्हायचे. आणि मग एकाएकी, वाक्य अर्धं टाकून, ते गर्रकन वळायचे, जिना उतरायचे, गोठ्याचं दार उघडून "हुर्र्र!" अशी हाळी द्यायचे आणि फाटकातून बाहेर पळत सुटायचे. त्यांच्या मागं हरणी.

हरणी म्हणजे म्हैस. काळी कुळकुळीत, शिंगं मागं वळलेली, आणि पोट माझ्यासारखं. पुढं मालक, मागं हरणी, साखर कारखान्याच्या रस्त्यानं धुक्यात दिसेनासे व्हायचे.

या प्रकाराचा उलगडा बायकोनं केला. एकदा खिडकीतून बघत ती म्हणाली, "अहो, मालक तुमच्याशी भांडत नाहीत. तुमच्यावर तापून घेतात. बंब तापवतात ना, तसं. तापले की पळतात."

मी धीर करून मालकांना विचारलं. त्यांना जराही संकोच वाटला नाही. "राग तोंडातनं सांडला की वाया गेला, पावणं. पायात उतरवायचा असतोय."

"मग माझ्या दारात येऊन ओरडता ते?"

"चूल काय आपआपनं पेटती? काडी नको?"

म्हणजे महिन्याचं भाडं देऊन मी त्यांची काडी झालो होतो.

पण त्या वयात त्यांना जोरात पळायचं कशाला होतं? त्याचं कारण पाडवा. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. म्हशींना न्हाऊमाखू घालून शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं, पायात चाळ. मग म्हशीचा मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून कानठळ्या बसवत पुढं जातो आणि म्हैस त्याच्या मागं उधळते. आपल्या मालकाला सोडून ती कुणामागं जात नाही, हीच खरी शोभा.

आमचे मालक मात्र गाडीवर बसत नसत. "म्हस कुणाच्या मागं पळती? मालकाच्या. मग मालकानं पळाय नको? गाडीवर बसून म्हस पळवायची म्हंजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवायचं!" हरणीला त्यांनी ती रेडकू असल्यापासून आपल्या मागं पळवलं होतं. ती कधी त्यांच्या पुढं जायचीच नाही. म्हणजे मालकांचा जो वेग, तोच हरणीचा. त्यामुळं दरवर्षी ती शेवटी यायची. नुसती शेवटी नाही, पार शेवटी. बाकीच्यांच्या म्हशी घरी जाऊन पेंड खात असायच्या, तेव्हा हे दोघं मैदानात शिरायचे. लोक टाळ्या वाजवायचे, शिट्ट्या मारायचे. "मालक, पेट्रोल संपलं काय?" "हरणी न्हवं, गोगलगाय म्हना!" मालक त्या सगळ्यांना शिव्या देत यायचे, आणि शिव्या देताना दम लागून आणखी हळू व्हायचे.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दिवशी गोठ्यात बाप-लेकाचं वाजलं. मुलगा बावड्यातच वेगळा राहायचा, एका बिल्डरबरोबर भागीदारीत होता. मी माडीवर खिडकीशी होतो. ऐकायचं नव्हतं, पण खिडकी बंद करायचंही मनात आलं नाही.

"आप्पा, दोन्ही बाजूचं गोठं गेलं. आपलाच मधी राहिलाय, दातात सुपारी अडकल्यागत."

"अडकू दे."

"म्हशीनं कधी नंबर तरी काढलाय काय? सगळं बावडं हसतंय आमाला."

"तुला हसत्यात. मला बगून शिट्टी मारत्यात."

"मग काढा की नंबर! येत्या पाडव्याला पहिल्या तिनात हरणी आली, तर गोठ्याचं नाव काढणार न्हाय. न्हाय आली, तर म्हशी इकायच्या आन जागंवर सही करायची. हाय कबूल?"

म्हशीपुढं वैरण टाकल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "कबूल. पर बोल पाळायचा."

"मी तुमचाच ल्योक हाय, आप्पा."

"त्योच तर घोर हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं ते भांडायला नव्हे. दारातच उभे राहिले. "पावणं, तुमी शिकल्यालं हायसा. माणूस जोरात पळायला कसा लागतो, बगून सांगा."

माझ्यासारख्याला हे विचारणं म्हणजे कोंबडीला पोहणं विचारणं. पण मी भारावलो. मी त्यांना मोबाइलवर परदेशातल्या पळणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. लांब पाय, हरणासारख्या उड्या. मालकांनी ते डोळे बारीक करून पाहिले. "झ्याक पळत्यात. पर ह्येंच्या मागं म्हस कुठाय?"

पोलीस भरतीच्या पोरांना मैदानावर शिकवणाऱ्या एका मास्तरांकडं घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, हात असे हलवा, गुडघे असे उचला. मालक परत येताना म्हणाले, "त्यो मला पळाय शिकवतोय का दळाय?" मग मी त्यांच्यासाठी भारी बूट आणले. ते घालून ते एका पहाटे निघाले, हाळी दिली, पळत सुटले, आणि हरणी गोठ्याच्या दारातच उभी. तिला ओळखीचा होता तो अनवाणी पायांचा आवाज. बुटांतला हा माणूस तिच्या लेखी परका होता.

मालकांनी बूट काढून माझ्या हातात दिले. "तुमी घाला. तुमच्या मागं कोण हाय?"

म्हणून मी पळायला लागलो. हौस म्हणून नाही. बूट वाया जाऊ नयेत म्हणून. मी हरणीच्याही मागं असायचो. चालायला निघालेले पेन्शनर मला "या, या" म्हणत पुढं जायचे. पहाटेच्या निसर्गसौंदर्याबद्दल लोक बरंच बोलतात. मला त्यातलं जे दिसलं, ते बहुतेक सगळं हरणीचं शेपूट होतं.

श्रावणात खरी अडचण आली. मालक जिन्यात डोकं धरून बसले होते.

"घोळ झालाय, पावणं. तुमचा राग येईना."

झालं होतं असं, की रोज बरोबर पळून आल्यावर बायको त्यांना भाकरी आणि खर्डा द्यायची. ते तिला पोरी म्हणायला लागले होते. मला एकदा त्यांनी पायाला झेंडूबाम लावून दिला होता. आता ते दारात येऊन "पावणं!" असं ओरडायचे आणि पुढं काही सुचायचं नाही. "पाय दुखतोय का अजून?" असं काहीतरी तोंडातून निघायचं. वेग पार गेला.

आम्ही प्रयत्न केले. मी मुद्दाम जिन्यात चपला टाकल्या. त्यांनी त्या उचलून जोडीनं नीट लावून ठेवल्या. माझ्या अंगावर काटा आला. नळ ठिबकत ठेवला, त्यांनी बंद केला. बायको म्हणाली, जरा लागेल असं बोला काहीतरी. शेवटी डोळे मिटून मी म्हणालो, "मालक, तुमची हरणी दिसायला काही खास नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग खो खो हसले. "खोटं बोलाय शिका आधी!"

त्यांची वाट त्यांना सापडली ती अशीच, चुकून. एका पहाटे परतताना त्यांनी दुकानातून सरकीची पेंड घेतली आणि पिशवी पाठीला अडकवली. हरणीला वास आला. तिनं मान लांब करून पिशवीला तोंड लावलं. मालक पुढं सरले, तीही सरली. ते पळाले, ती पळाली. तिचं नाक त्यांच्या पाठीला लागलेलं, तिचा फुत्कार त्यांच्या मानेवर. पिशवी वाचवायला ते असे सुटले, की मी चिखलात नुसता उभा राहून बघत बसलो. त्यांच्या गोठ्यापर्यंत पोचलो, तेव्हा ते धापा टाकत दाराला टेकले होते. आठी होती तिथंच होती. हसू तिच्या खालून आलं होतं.

"आजवर मी तिला वडत हुतो, पावणं. आता ती मला ढकलतीया."

त्या दिवसापासून रागाची सुट्टी झाली. माझी चेन तुटलेली ऑफिसची बॅग त्यांनी मागून घेतली आणि तीत पेंड भरून पळायला लागले. रस्त्यात पोरं ओरडायची, "मालक, दप्तर घेऊन कंच्या शाळंला?" ते शिवीसुद्धा देत नसत. शिवी द्यायला दम कुणाकडं होता? मागून ती येत होती.

पाडव्याला सगळं बावडं रस्त्यावर. धूर, फटाके, गुलाल, आणि गाड्यांचा असा आवाज, की शेजाऱ्याशी हातवारे करून बोलावं लागत होतं. गाड्यांच्या रांगेत मध्येच आमचे मालक, अनवाणी, पाठीला माझी बॅग. हरणीच्या शिंगांना बायकोनं जांभळा रंग दिला होता. मालकांचा मुलगा शेवटच्या टोकाला व्यासपीठावर बसला होता. शर्यत भरवणाऱ्या मंडळाला देणगी त्याचीच होती.

सुरुवातीला नेहमीसारखंच झालं. गाड्या सुटल्या, मालक मागं पडले, शिट्ट्या वाजल्या. पण सगळ्या गाड्यांचा आवाज सारखाच. त्या गोंगाटात एक म्हैस भलत्याच्याच गाडीमागं लागून गल्लीत शिरली. एक फटाक्यांना बुजून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी अडून बसली. आणि मैदानाच्या अलीकडं पाइप घालायला रस्ता उकरून ठेवला होता. कुठं उकरला नाही, ते सांगा. तिथं गाडीवाले पाय टेकत, तोल सांभाळत निघाले. अनवाणी माणसाला खड्ड्याचं काय? मालक त्या ढेकळांतून असे गेले, जसं काही तो रस्ता त्यांच्यासाठीच उकरला होता. मागं हरणी, नाक पाठीला. एक गाडी मागं टाकली. आणखी एक. शिट्ट्या बंद झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "आयला, म्हातारा आला की रं!" आणि सगळा रस्ता ओरडायला लागला. हरणी तिसरी आली. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून रडलो. त्यानंही मला मारली आणि मग विचारलं, "म्हस तुमची का?"

माइकवर नंबर पुकारले. पहिला, बरोबर. दुसरा, बरोबर. तिसरा म्हणून चौथ्याचं नाव घेतलं.

आधी वाटलं, चूक झाली. मी गर्दीतून पुढं घुसलो. मंडळाचा फेटेवाला माइकवरूनच सांगत होता, "स्पर्धा गाडीमागं म्हस पळवायची हाय. मालक गाडीवर न्हवते. नियमात बसत न्हाय."

"इतकी वर्षं बसत होतं ना?" मी खालून ओरडलो.

"इतकी वर्षं नंबरात कुठं आलंते, पावणं?"

लोक हसले. तेच लोक, ज्यांनी आत्ता घसा फोडून घेतला होता. माणूस हरत होता तोवर त्यांना तो पायी चालत होता, शोभेला हवाही होता. जिंकला त्या दिवशी नियम जन्माला आला. मालकांच्या मुलाकडं पाहिलं. तो गळ्यात हार घालून मोबाइल बघत होता. असा बघत होता, जसं काही कुणी मेल्याचा निरोप आलाय.

आणि मालक गप्प. चपलांवरून गल्ली जागी करणारा माणूस, छाती भात्यासारखी हलतेय, आणि तोंडातून शब्द नाही. ते मला सोसलं नाही. मी व्यासपीठावर चढलो. उभ्या आयुष्यात माइक हातात धरलेला नव्हता. काय बोललो ते सगळं आठवत नाही. "लाज वाटत नाही का तुम्हाला" एवढं नक्की म्हणालो. पण माझ्या आवाजाला ओरडायची सवय नव्हती, तो मध्येच चिरकला, आणि "लाज" हा शब्द पिपाणीसारखा वाजला. पुन्हा हशा. कुणीतरी माइक बंद केला. मी बंद माइकमध्ये बोलत राहिलो.

मालकांनी खालून माझं मनगट धरलं. "सांडू नगासा, पावणं. लागंल फुडं."

मला खाली उतरवून त्यांनी पाठीची बॅग काढली आणि सगळी पेंड व्यासपीठासमोर जमिनीवर ओतली. हरणी तिथंच उभी राहून खायला लागली. बक्षीस घ्यायला पुढं यायची वाट बंद झाली आणि तिच्या शिंगांसमोरून जायची कुणाची छाती नव्हती. सगळा समारंभ एका म्हशीचं जेवण होईपर्यंत थांबला. तेवढं एक बरं झालं.

मग ते मुलाला म्हणाले, "ठरल्यापरमानं कर. दुसऱ्या म्हशी इक. सही करतो."

"आन हरणी?"

"ती कशी येतीया? ती नियमात बसत न्हाय न्हवं? म्हंजे ती पळालीच न्हाय. म्हंजे पैजंत न्हाय."

मुलानं मोबाइल खिशात टाकला.

मी चिडलो ते इथं. मंडळावर, लोकांवर, मुलावर चिडलो होतोच, पण सगळ्यांत जास्त मालकांवर. घरी आल्यावर, भाडेकरू झाल्यापासून पहिल्यांदा, मी त्यांच्या दारात जाऊन ओरडलो. "सही कशाला करताय? त्यांनी फसवलंय तुम्हाला! असल्यांशी कसला बोल पाळायचा?"

ते गोठ्यात कवड्यांची माळ सोडवत होते. वर बघितलं नाही. "त्येंनी मोडला म्हणून मी बी मोडू? मग येवढं पळालो कशापायी?"

"गोठ्यासाठी!"

"व्हय की. पर गाडीवर बसून बी पळता आलं असतं गोठ्यासाठी."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, आणि त्याचाच जास्त संताप आहे.

भाऊबीज झाल्यावर ते हरणीला घेऊन बहिणीकडं गेले, गगनबावड्याच्या अलीकडं एका गावात. गाडीतून नाही. चालत. हरणी ट्रकमध्ये चढत नाही, म्हणाले. बायको फाटकापाशी रडत होती. तिला म्हणाले, "रडू नगंस, पोरी. ह्येंच्यावर लक्ष ठेव, पळायचं बंद करतील." आणि बॅग घेऊन गेले. माझी बॅग. परत दिली नाही, हेही माझ्या भांडणात आहे.

गोठ्याबरोबर माडीही पाडणार, म्हणून आम्ही जवळच दुसरीकडं राहायला गेलो. तिथं आठवड्याभरातच पहाटे फोन वाजला.

"पावणं! उठलासा का न्हाय?"

"उठतोय."

"उठतोय काय? दिस वर आला! तुमच्या त्या बँकंत समदी असलीच आळशी भरल्यात काय?"

बँकेवर, माझ्या पोटावर, मी लावलेल्या कॉलर ट्यूनवर, कशावरूनही ते मला सोलून काढायचे. मी तापलो, की फोन ठेवायचे. मी चरफडत बूट घालायचो आणि पळायला निघायचो. गगनबावड्याच्या पावसात रेंज जायची आणि भांडण मध्येच तुटायचं. उरलेलं मी रस्त्यानं स्वतःच पूर्ण करायचो. पेन्शनर आता मला गाठू शकत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे असंच चाललं होतं. "तुमचं ते बूट," ते म्हणाले, "त्या बुटांचं मला पयल्यापासनं..." आणि फोन कट झाला. रेंज गेली असेल म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला. फोन हातात धरूनच गोठ्यात बसले होते म्हणे. हरणी शेजारी होती.

असं मध्येच भांडण सोडून जातात होय? बुटांचं काय होतं? पहिल्यापासून काय होतं?

आता फोन वाजत नाही. पण मी पळतो, आणि बरा पळतो. गोठ्याच्या जागी मुलानं इमारत बांधली आहे. नाव दिलंय 'हरणी हाइट्स'. हो, म्हशीचंच. बापाची आठवण म्हणे. भोवती लाल रंगाचा गुळगुळीत जॉगिंग ट्रॅक केलाय आणि फाटकावर नियमांची पाटी लावली आहे. मी रोज पहाटे तिच्यासमोर उभा राहतो आणि दुसरा नियम वाचतो: 'ट्रॅकवर जनावरे आणण्यास सक्त मनाई आहे.'

तोंडातून एक शब्दही सांडू देत नाही. बुटांची नाडी आवळतो, आणि सुटतो.